गोड्या पाण्यात दिलेली लेक

सोळा डिसेंबर, सोमवार. चोवीस तासांत एक लिटर पाणी. हजर: डॉक्टर, माझी बायको मंदा, आमची मुलगी अश्विनी आणि मी.

एक लिटर म्हणजे सगळं धरून. चहा त्यातच, वरणातलं पाणी त्यातच, गोळीबरोबरचा घोटही त्यातच. मंदाची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, अमरावतीला येऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं होतं, आणि मधल्या दिवसांत अंगात पाणी साठू द्यायचं नव्हतं. डॉक्टर हळू आवाजात, समजावून सांगत होते. मंदाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अन् संत्रं?"

संत्रं बंद, डॉक्टर म्हणाले. त्यातलं पोटॅशियम चालणार नाही.

मंदा हसली. "डॉक्टरसाहेब, आमी मोर्शीचे आहो. आमाले धरण अन् संत्रा, दोनच गोष्टी ठाऊक. तुमी दोनी बंद करून राहिले."

डॉक्टरही हसले. अश्विनी हसली नाही. मी खिशातून पेन काढून फाइलच्या मागे लिहिलं: १००० मिली.

आज पुन्हा डिसेंबर आहे. मोर्शीत सगळ्या बागांचं पाणी तुटलं आहे. संध्याकाळी सिंभोऱ्याच्या रस्त्याने सायकलवर निघालं की दोन्ही बाजूंनी पाण्याच्या मोटारींचा आवाज येत नाही, आणि त्या शांततेवरून कळतं की ताणाचे दिवस सुरू झाले. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट विचित्र वाटते. एवढं मोठं धरण उशाशी, श्रावण-भादव्यात दारं उघडून पाणी सोडावं लागतं, कालवे वाहतात, विहिरींना पाणी आहे. आणि लोक आपल्याच हिरव्यागार झाडांना महिना-दीड महिना पाण्याचा थेंब देत नाहीत. पण संत्र्याला पाणी देतच राहिलं तर ते नुसतं पालवत राहतं. फुलत नाही. पाणी तोडलं, पानं मलूल झाली, कडेने थोडी वळली, दोन-चार पिवळी होऊन गळली की झाड घाबरतं आणि आतल्या आत फुलायची तयारी करतं. मग संक्रांतीच्या सुमारास ताण तोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं. तीनेक आठवड्यांत पांढरी फुलं येतात. त्याला आंबिया बहार म्हणतात. तेव्हा सबंध मोर्शीत, बस स्टँडवर, तहसीलच्या आवारात, मासळीबाजारातसुद्धा एकच वास असतो.

ताण कमी पडला तर बहार फुटत नाही. जास्त झाला तर फांद्या वाळतात. किती द्यायचा याचं कोष्टक नाही. माझ्यासारख्या कोष्टकावर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट कायम खुपत आली आहे.

मी धरणाच्या कार्यालयात कारकून आहे. रोज सकाळी पाण्याची पातळी मीटरमध्ये आणि साठा दलघमीमध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये, लिहून वर पाठवतो. आवक किती, विसर्ग किती. सत्तावीस वर्षं हेच केलं. वडिलोपार्जित तीन एकरांत संत्र्याची दोनशे दहा झाडं आहेत, ती सकाळ-संध्याकाळ पाहायची. आमच्याकडे कोणी त्या पाण्याला तलाव म्हणत नाही, सरोवर तर नाहीच. धरण. उन्हाळ्यात त्याच्या मोकळ्या झालेल्या गाळात लोक टरबुजं लावतात, थंडीत त्यावर परदेशातले पक्षी उतरतात, रविवारी अमरावतीचे लोक मक्याची कणसं खात त्याच्यासमोर फोटो काढतात. अमरावतीच्या नळांनाही त्याचंच पाणी जातं. मोर्शीतल्या दोन माणसांचं बोलणं पाण्याने सुरू होतं आणि संत्र्याच्या भावाने संपतं, किंवा उलट.

मंदाचा बाप या पाण्याची चव घ्यायला आला होता.

मंदाचं माहेर बोरखेडी. अकोट तालुक्यात, पूर्णेच्या काठची काळी जमीन, खारपाणपट्टा. तिथे जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खोदली तर खारं, बोअर मारली तर आणखी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकलं की कधी फाटतं, आणि हंडा उन्हात वाळला की आतून पांढरा होतो. पिण्याचं पाणी बायका लांबून आणायच्या. ते संपलं की तेच खारं प्यायचं. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणतो, त्या गावात कापूस, तूर आणि हरभऱ्यावर जगले. त्यांनी मुलगी जन्मली त्या दिवशी ठरवलं होतं, म्हणे, की हिला गोड्या पाण्यात द्यायची.

मला पाहायला आले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, बागेत किती झाडं तेही विचारलं नाही. बसल्याबरोबर पाणी मागितलं. माझ्या आईने पितळी पेला भरून दिला. तो त्यांनी सावकाश संपवला आणि दुसरा मागितला. मग सदऱ्याच्या खिशातून कापडी पुरचुंडी काढली. तिच्यात मूठभर तुरीची डाळ होती, त्यांच्याच शेतातली.

"बाई," ते माझ्या आईला म्हणाले, "एवढी टाकून द्या चुलीवर. कुकर नको. उघड्या गंजात."

आईला आधी हसू आलं, मग राग आला. "काहून? आमच्या घरची डाळ तुमाले पुरत नाही काय?"

"डाळ माहीच पाह्यजे. तिचं शिजणं मले माहीत आहे. मले पाणी पाहा लागते."

डाळ शिजेपर्यंत पाहुणे बसून राहिले. माझे काका मिशीत हसत होते. मामाजींनी शिजलेल्या डाळीचा एक दाणा बोटांत धरून चिरडला, तो लोण्यासारखा झाला, आणि ते म्हणाले, "झालं. आमच्याकून पक्कं." मी त्यावेळी मनातून थोडा दुखावलो होतो. माझ्यात काय आहे ते कोणी पाहिलंच नाही. नवरा धरणाने पसंत करून दिला.

लग्न होऊन मंदा आली आणि पहिल्याच दिवशी न्हाणीघरातून ओरडली, "बाप्पा! हा फेस जातच नाही!" दोन बादल्या ओतल्या तरी केसांतून फेस निघत होता. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या मुलीला अंगाचा बुळबुळीतपणा गेल्याशिवाय आंघोळ झाली असं वाटेना. त्या घरात अजून एक गोष्ट पहिला महिनाभर चालली. तिचा स्वयंपाक आळणी व्हायचा. वरण आळणी, भाजी आळणी, भाकरी आळणी. आईला वाटलं, पोरीला काही येत नाही. मग एक दिवस लक्षात आलं की बोरखेडीत पाण्यातच मीठ असायचं, म्हणून तिचा हात मिठाला कमी जायचा. चिमूट तिथलीच राहिली होती, पाणी बदललं होतं. आईने गावभर ही गोष्ट सांगितली. मंदा पुढे मीठ बरोबर टाकायला शिकली, पण कोणी तिला चिडवायचं ठरवलं की म्हणायचं, "मंदाताई, आज वरणात विहिरीचं पाणी टाकलं नाही वाटते."

मागच्या वर्षी डॉक्टरांनी मीठही कमी करायला सांगितलं. घरात पुन्हा ते पहिल्या महिन्याचं वरण शिजू लागलं. मी आणि ती, दोघेही तेच जेवत होतो. एकदा घास तोंडात घेऊन ती म्हणाली, "पाहा ना, नव्या नवरीच्या हातचं जेवून राहिले तुमी."

आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. तिच्या पोटी लेकरू होईपर्यंत नाही. आता बरेच लोक हे पाळत नाहीत. मामाजी पाळायचे. गोड्या पाण्यासाठी ज्या घरात मुलगी दिली, त्या घरी यायचे, ओसरीवर बसायचे, आणि येताना बोरखेडीहून आणलेली पाण्याची बाटली पिशवीतून काढून तिच्यातलं पाणी प्यायचे. मे महिन्यात, एसटीत तापलेलं, खारट. आई म्हणायची, "अहो, माठातलं गार घ्या. कोण पाहून राहिलं?" ते म्हणायचे, "पाहत कोणी नाही, पण मी आहो ना इथं." अश्विनी झाली त्या बारशाला ते सकाळच्या पहिल्या गाडीने आले. दारातच उभं राहून म्हणाले, "आण मंदे." मंदाने तोच पितळी पेला भरून दिला. तीन पेले प्यायले. मिशा पुसून नातीच्या पाळण्याकडे पाहून म्हणाले, "बयो, तुह्या उपकारानं भेटलं."

त्यानंतरची पंचवीस वर्षं ते जेव्हा यायचे तेव्हा आधी पाणी, मग रामराम.

आता डिसेंबरातल्या त्या दिवसांबद्दल. मी रोज सकाळी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरायचो. एक चहा-जेवणासाठी, एक प्यायची. प्यायच्या बाटलीवर मी स्केचपेनने रेघा मारल्या होत्या. मंदा त्या बाटलीला धरण म्हणायची. मी कार्यालयातून जेवायला घरी आलो की ती बाटली उचलून दाखवायची.

"बोला साहेब, आजची पातळी?"

"तीनशे."

"आवक?"

"आवक नाही."

"विसर्ग?"

तिची लघवी बंद झाली होती. ती स्वतःच सांगायची, "निरंक. लिहा, विसर्ग निरंक. दारं जाम झाले." आणि हसायची. मला ते हसणं ऐकवत नसे, पण ती एकटीच हसत राहिली तर आणखी वाईट वाटायचं, म्हणून मीही हसायचो.

तहान ही काय चीज आहे ते मी त्या दिवसांत शेजारी बसून पाहिलं. ती ओठ ओले करायची आणि पाणी परत पेल्यात सोडायची. बर्फाचा एक खडा गालात धरून तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसायची. बेसिनचा नळ कोणी जोरात सोडला तर मान वळवायची. शेजारचे वासुदेवभाऊ, त्यांचीही बाग आमच्या बागेला लागून आहे, एकदा बोलता बोलता म्हणाले, "यंदा धरण शंभर टक्के आहे, दिनकरभाऊ. दोन वर्षं चिंता नाही." मंदा आत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून मी धरणातल्या साठ्याला रोजच्या एका लिटरने भागलं. आलेलं उत्तर मी इथे लिहीत नाही. त्या आकड्याचा कोणाला काही उपयोग नाही.

अमरावतीला यंत्राच्या खोलीत मागे मोठाल्या टाक्या होत्या. तिथल्या मुलाने सांगितलं की एका वेळेला यंत्राला शंभरावर लिटर पाणी लागतं. मंदाने विचारलं, पाणी कुठलं. तो म्हणाला, नळाचंच, शुद्ध केलेलं.

"म्हणजे आमच्याच धरणाचं," मंदा माझ्याकडे वळून म्हणाली. "पाहा. यंत्राले शंभर, मले एक. यंत्राचं सासर चांगलं आहे."

यंत्रावरून उतरल्यावर आम्ही अश्विनीच्या खोलीवर जायचो. ती राजापेठेत राहते, ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवते. खाली दुचाक्यांचे हॉर्न, वरच्या मजल्यावर दुसऱ्या क्लासची मुलं पाढ्यासारखी सूत्रं म्हणत असायची. मंदा तासभर आडवी पडायची. अश्विनी तिच्यासमोर पाणी प्यायची नाही. जिन्यात जाऊन प्यायची. एकदा परत आल्यावर तिच्या हनुवटीला थेंब राहिला होता. मंदाने बोट लावून तो पुसला आणि म्हणाली, "चोरी सापडली."

ताण दोघांचा एकाच वेळी सुरू झाला होता, झाडांचा आणि तिचा. हे जोडणं माझं नाही, तिचंच. अमरावतीहून परतताना गाडी बागेवरून जायची. एके मंगळवारी तिने गाडी थांबवायला लावली, काठीच्या आधाराने बांधापर्यंत आली, एक पान तोडलं, दुमडून पाहिलं.

"आणखी पंधरा-वीस दिवस सोसन," ती म्हणाली. त्यात तिचा अंदाज माझ्यापेक्षा बरा होता. मग म्हणाली, "अहो, झाडाले ताण देतात तं बहार येते. मले काय येईन?"

मी म्हणालो, "तुले आराम येईन."

"ते माहीत आहे. मी बहाराचं इचारून राहिली."

मग आमच्यात करार झाला. संक्रांतीला बागेचा ताण तोडायचा, त्याच दिवशी तिचाही तोडायचा. एक पेला. त्या पितळी पेल्यात मावेल तेवढं, एका दमात, रेघा न पाहता. मी पेला मोजला, अडीचशे मिली. शुक्रवारी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी चहा आणि पातळ वरण नको, एकूण तेवढंच राहू द्या, मग चालेल. मंदाने दोन्ही सोडायचं कबूल केलं. मला तिने बजावून सांगितलं, "माठातलं पाह्यजे. फ्रिजचं नको. अन् तुमी तिथं उभं राहू नका बाटली घेऊन. तुमी दिसले की मले आकडे दिसते."

त्यानंतर ती संक्रांतीची वाट लेकरासारखी पाहू लागली. तिळगुळाची, हळदीकुंकवाची नाही. पेल्याची. बायका भेटायला आल्या की सांगायची, "संक्रांतीले माहं पाणी सुटणार आहे." जसं कालव्याला सुटतं तसं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मामाजी आले. वय अठ्ठ्याऐंशी, अकोटहून दोन गाड्या बदलून, हातात हरभऱ्याच्या घाट्यांची पिशवी. ओसरीवर बसले. रामराम आधी केला. पाणी मागितलं नाही. मी पेला पुढे केला तर म्हणाले, "तहान नाही जवाईबापू."

पिशवीतून त्यांनी बाटली काढली नाही, पण ती आत होती. मला तिचं झाकण दिसलं. पंचवीस वर्षांनी पुन्हा बोरखेडीचं पाणी सोबत आलं होतं.

ते मंदाजवळ बसले. बराच वेळ दोघं हरभरा, गावातली लग्नं, कोणाची म्हैस व्याली यावर बोलत होते. मग मंदा म्हणाली, "आबा, तुमी पाणी पेले नाही."

"पेलो गाडीत."

"खोटं नका बोलू. ओठ वाळले तुमचे. काहून नाही पेत?"

म्हाताऱ्याने पिशवी पायाशी सरकवली. मग म्हणाला, "तुह्यासमोर कसा पेऊ माय? तुले मोजून भेटते."

"मले मोजून भेटते, तुमाले तं नाही ना? अन् तुमीच न पेले तं मले इथं दिली कायले?"

तेव्हा ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. "मी तुले त्या पाण्यातून काढली असं समजत होतो. पण वीस वर्षं पेली होती तू ते. मीठ तुह्या अंगातच आलं संगं. मले डाळ पाहता आली, पोरगी नाही पाहता आली."

डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं, हे मी इथे नमूद करतो. कारण सांगता येत नाही, असंच ते म्हणाले होते. मी मामाजींनाही तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची नव्हती.

मंदा मला म्हणाली, "अहो, पेला आणा. माठातला. काठोकाठ."

मी आणला. तिने तो आपल्या हातात घेतला. क्षणभर मला वाटलं, ती पिणार. तिने तो बापाच्या हातात दिला.

"प्या. माह्यासमोर. सावकाश. मले पाहू द्या."

म्हाताऱ्याने पेला तोंडाला लावला. मंदा त्याच्या गळ्याकडे पाहत होती. घोट खाली उतरला की तिचाही गळा हलायचा. पेला रिकामा झाला तेव्हा ती उशीला टेकली आणि म्हणाली, "हां. आता मले गार वाटलं."

मामाजींनी पेला खाली ठेवला. मिशा पुसल्या नाहीत.

जाताना मंदाने त्यांना सांगितलं, संक्रांतीले या, माहं पाणी सुटणार आहे. ते म्हणाले, येतो.

अकरा जानेवारीला, शनिवारी सकाळी, मी कार्यालयात पातळी लिहीत असताना वासुदेवभाऊंचा फोन आला. मी घरी पोचलो तेव्हा ती खाटेवर होती तशीच होती. हृदय थांबलं होतं. आदल्या दिवशीच यंत्रावर जाऊन आलो होतो, सगळं ठीक म्हणाले होते. शेजारी बाटली होती. त्या दिवसाचं पाणी तिने जवळजवळ काहीच घेतलं नव्हतं. वरची रेघही गेली नव्हती. मी ती बाटली तशीच किती वेळ हातात धरून होतो ते मला ठाऊक नाही. अश्विनीने येऊन ती काढून घेतली.

संक्रांत तीन दिवसांनी आली. घरात सुतक होतं. बागेचं कोणाच्या लक्षात नव्हतं. वासुदेवभाऊ एकदा दारात येऊन म्हणाले, "दिनकरभाऊ, ताण जास्त होऊन राहिला. म्हणाल तं मी पाणी सोडतो." मी म्हणालो, नको. का नको म्हणालो ते मला सांगता येत नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. तेरवी झाल्यावर अश्विनीनेच मोटार सुरू केली. शेंड्याच्या बऱ्याच फांद्या वाळल्या होत्या. आणि जी झाडं वाचली त्यांना माघात असा बहार आला की वासुदेवभाऊ म्हणाले, त्यांनी आपल्या उभ्या जन्मात पाहिला नाही. पानं दिसत नव्हती. रात्री झोपताना मी खिडक्या लावून घ्यायचो, तरी तो वास आत यायचा. लोक घरी आले की म्हणायचे, काय सुंदर वास सुटला आहे. मी हो म्हणायचो.

या वर्षी पाणी तोडायची वेळ आली तेव्हा मोटारीच्या खोलीपाशी मी बराच वेळ उभा होतो. अश्विनीने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्हाला नको असेल तर एक वर्ष राहू द्या." संध्याकाळी मामाजींचाही फोन आला. ते आता गावाबाहेर पडत नाहीत. "तोडलं काय पाणी, जवाईबापू?" मी म्हणालो, नाही अजून. ते म्हणाले, "तोडा. तिनं पान पाहिलं असतं अन् तोडा म्हटलं असतं." मी दुसऱ्या दिवशी तोडलं. आता रोज एक पान दुमडून पाहतो. मला त्यातलं तिच्याइतकं कळत नाही.

दहाव्याचं लिहायचं राहिलं.

मागच्या जानेवारीत, दहाव्या दिवशी, आम्ही धरणावर गेलो होतो. अश्विनी एकुलती एक, म्हणून विधी तिनेच केले. गुरुजी तरुण होते, चांगले होते. धरण भरलेलं होतं, वारा होता, लाटा दगडांवर येत होत्या. पलीकडच्या काठाला पांढरे पक्षी बसले होते. तिळाचं पाणी ओंजळीतून सोडायचं, प्रत्येकाने तीन वेळा. अश्विनीने दिलं, मी दिलं, नातेवाइकांनी दिलं. मामाजी मागे दगडावर बसले होते.

ते उठले आणि पाण्याकडे निघाले. गुरुजी अदबीने म्हणाले, "आबाजी, मोठ्यांनी लहानांना द्यायचं नसतं. बापाने लेकीला तर नाहीच."

"बापानं लेकीच्या घरचं पेऊ बी नाही," मामाजी म्हणाले. "पेलो ना मी?"

त्यांनी धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरले. अश्विनी त्यांचा दंड धरायला धावली, त्यांनी तिला धरू दिलं. सदऱ्याच्या खिशातून ते तशीच एखादी पुरचुंडी काढतील असं मला वाटलं, पण त्यांच्याकडे काहीच नव्हतं. दोन हातांची ओंजळ केली, भरली, वर उचलली आणि सोडली.

"घे मंदे."

पुन्हा भरली. "घे माय." पुन्हा. तीन झाल्या. गुरुजींनी हात पुढे केला, झालं म्हणून. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते वाकत होते, भरत होते, उचलत होते, सोडत होते. तीळ केव्हाच संपले होते. पाणी कोपरांवरून सदऱ्यात उतरत होतं. प्रत्येक वेळी ते काहीतरी म्हणत होते, पुढे पुढे ते ऐकू येईनासं झालं. अश्विनी रडत होती आणि त्यांचा दंड धरून होती. ते दमले तेव्हा आपणच थांबले.

गुरुजींनी हलक्या आवाजात विचारलं, "किती झाल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काठावर मोजणारा माणूस मीच होतो.

ते पाणी धरणाचं होतं. दिलं तिच्या बापाने. दिलं मंदाला. किती दिलं, ते मी मोजलं नाही.